नाव सांगा, गावही सांगा

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी अशा सहाही तालुक्यांतून आलेल्या मित्रहो,

आजचा विषय आहे एक फुलपाखरू आणि त्याचे ठिकठिकाणचे अवतार. फुलपाखरू तुमच्या-माझ्या अंगणातलेच आहे. त्याची गोष्ट मात्र अंदमान-निकोबार, श्रीलंका, फिलिपिन्स, जपानची दक्षिणेकडची बेटे अशी समुद्रभर पसरलेली आहे. तिचा शेवटचा धागा पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ येऊन मिळतो. त्या धाग्यासाठीच मी हा विषय निवडला.

अनोळखी माणसाला आपण नाव-गाव विचारतो. नुसत्या नावावर आपले भागत नाही, कारण एका नावाची माणसे दहा गावांत असतात. जीवशास्त्रातही असेच आहे. प्रत्येक प्रजातीला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव असते. एकच प्रजाती वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळी दिसू लागली की त्या नावाला तिसरा शब्द जोडतात. हा तिसरा शब्द उपप्रजातीचा, म्हणजे त्या जिवाच्या गावाचा. आज मला या तिसऱ्या शब्दाची बाजू मांडायची आहे.

फुलपाखराचे नाव कॉमन मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस. बेल, लिंबू, कढीपत्ता यांच्याभोवती घिरट्या घालणारे मोठे काळे फुलपाखरू तुम्ही पाहिले असेल. पंख पसरले की ते नऊ-दहा सेंटीमीटर भरते. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग असते आणि प्रत्येक पंखाला एक शेपटी. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. अंड्यातून बाहेर पडलेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिला खायला कोणी धजत नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले लालसर शिंगासारखे अंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. साधारण महिन्याभरात अंड्याचे फुलपाखरू होते. कढीपत्त्याची पाने कुरतडली म्हणून आपण जी अळी चिमटीत धरून फेकतो, ती बहुधा हीच असते किंवा हिच्या जवळच्या नात्यातल्या लिंबाच्या फुलपाखराची.

नर सगळे एकसारखे असतात. माद्यांचे मात्र आपल्याकडे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार हुबेहूब नरासारखा. दुसऱ्या प्रकाराच्या मागच्या पंखांवर पांढरा पट्टा आणि लाल ठिपके असतात. ही मादी कॉमन रोझ या अगदी वेगळ्या फुलपाखरासारखी दिसते. तिसरा प्रकार क्रिमसन रोझसारखा, म्हणजे पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर किरमिजी डाग. रोझ गटातल्या अळ्या ईश्वरी, किडामारी यांसारख्या एकाच कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. त्या वनस्पतींतले विष अळ्यांच्या अंगात साठते आणि फुलपाखरू झाल्यावरही टिकते. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा जात नाही. मॉरमॉनची मादी स्वतः बिनविषारी असते. तिला रोझच्या रंगामुळे अभय मिळते. दोघींतला फरक ओळखायचा असेल तर पंखांकडे पाहू नका, धडाकडे पाहा. अस्सल रोझचे धड लाल असते, मॉरमॉनचे काळे.

या तीन प्रकारांनी भल्याभल्यांना चकवले. लिनियसने १७५८ मध्ये नराला पॅपिलिओ पॅमॉन असे नाव दिले आणि रोझसारख्या मादीला पॅपिलिओ पॉलिटेस. एकाच संसारातल्या दोघांची त्याने दोन प्रजातींत नोंद केली. पुढे १७७५ मध्ये क्रॅमर या डच अभ्यासकाने क्रिमसन रोझसारख्या मादीला रोम्युलस हे तिसरे नाव दिले. हा गुंता सोडवला आल्फ्रेड रसेल वॉलेसने. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे तो मलाय द्वीपसमूहात बेटामागून बेट हिंडत होता. १८६४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्याने या गटातल्या फुलपाखरांवर निबंध वाचला. वेगळ्या प्रजाती म्हणून मिरवणाऱ्या या माद्या एकाच प्रजातीच्या आहेत, हे त्याने त्यात मांडले. हे त्याला कळले, याचे कारण त्याची नोंद ठेवण्याची रीत. प्रत्येक नमुना कोणत्या बेटावरचा, हे तो काटेकोरपणे लिहून ठेवत असे. नमुने बेटांनुसार मांडल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एका बेटावर निरनिराळी दिसणारी फुलपाखरे एकाच जातीची निघाली, आणि एकाच जातीची फुलपाखरे बेट बदलले की थोडी बदलली. सुलावेसी बेटावर तर निरनिराळ्या जातींच्या फुलपाखरांच्या पंखांना सारखाच ठळक बाक आला होता. जागेचा ठसा जिवावर उमटतो, ही गोष्ट त्याला पंखांवर दिसली.

आज या प्रजातीच्या डझनाहून अधिक उपप्रजाती मानल्या जातात. आपल्याकडची रोम्युलस. अंदमानची स्टिकिऑइडिस, तिचे नामकरण इव्हान्सने १९१२ मध्ये केले. निकोबारची निकोबारस, ती फेल्डरने १८६२ मध्ये नोंदवली. फिलिपिन्समधल्या रूपाला तर काही तज्ज्ञ आता स्वतंत्र प्रजातीच मानतात. आपल्या उपप्रजातीला रोम्युलस हे नाव क्रॅमरने रंगवलेल्या मादीवरून मिळाले. क्रिमसन रोझची नक्कल करणारी ती मादी भारतात आणि श्रीलंकेत आढळते, कारण क्रिमसन रोझचे घर हेच आहे. मूळ फुलपाखरू जिथे राहते, तिथेच त्याच्या नकलेला किंमत असते. जागा आणि रूप यांचे नाते याहून नेमके कुठे दिसेल?

नात्याची ही गाठ शरीरात कशी बांधली जाते, याचा शोधही एका बेटावर सुरू झाला. फ्रायर या अभ्यासकाने श्रीलंकेत या फुलपाखराच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या. मादीचे सोंग साध्या आनुवंशिक नियमाने पुढे जाते, आणि नर ते सोंग अंगात बाळगून मुलींना देतो पण स्वतः कधी दाखवत नाही, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. पंखांचे हे सगळे नक्षीकाम 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे. कीटकांत नर कोण आणि मादी कोण हे ठरवण्याच्या कामात गुंतलेले हे जनुक इथे सोंगही ठरवते. पुण्यात फुलपाखरांमागे धावत मोठा झालेला एक मराठी अभ्यासक या शोधाच्या अग्रभागी होता. आपल्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावे असे मला वाटते.

आता दुसरे उदाहरण, आपल्या राज्य फुलपाखराचे. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू ठरवले. असे फुलपाखरू निवडणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. मखमली काळ्या पंखांवर फिकट निळा पसारा असलेले हे देखणे फुलपाखरू भारताच्या मुख्य भूमीवर आणि श्रीलंकेत राहते. लंकेतल्या फुलपाखराला मूरने १८८१ मध्ये परिंदा असे उपप्रजातीचे नाव दिले. अंदमानात या घराण्यातले एक फुलपाखरू आहे, पॅपिलिओ मायो. ते उपप्रजाती राहिले नाही, स्वतंत्र प्रजाती झाले, आणि अंदमानाबाहेर कुठेच सापडत नाही.

हा फरक का पडला? पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा भारत आणि लंका जमिनीने जोडलेले होते. दोन्हीकडच्या फुलपाखरांची ताटातूट भूगर्भाच्या कालमानात नुकतीच झाली आहे. अंदमानभोवतीचा समुद्र खोल आहे आणि दुरावा जुना. एकाच घराण्यात ताटातुटीच्या दोन पायऱ्या आपल्याला शेजारीशेजारी पाहायला मिळतात. लंकेत फरक पडू लागला आहे, अंदमानात तो पूर्ण झाला आहे. उपप्रजाती ही घडत असलेल्या सृष्टीची चालू नोंद आहे. नवी प्रजाती बहुधा याच वाटेने जन्माला येते.

शास्त्रज्ञांमध्ये यावर मतभेद आहेत, हेही सांगायला हवे. १९५३ मध्ये एडवर्ड विल्सन आणि विल्यम ब्राउन यांनी उपप्रजातींच्या नावांवर कडक टीका केली. रंग एका दिशेने बदलतो, आकार दुसऱ्या दिशेने. मग सीमारेषा कुठे ओढायची, असा त्यांचा प्रश्न होता. थोड्याशा नमुन्यांवर घाईने ठेवलेली अनेक नावे पुढे रद्दही झाली. हा आक्षेप मला मान्य आहे. पण नाव रद्द झाले तरी तो नमुना कुठल्या गावचा, कुठल्या झाडावरचा, कुठल्या महिन्यातला, ही नोंद रद्द होत नाही. नव्या अभ्यासकाला नवी सीमारेषा ओढायची असेल, तर त्याला त्याच नोंदीकडे यावे लागते. गावाचा पत्ता हा सगळ्या मतभेदांखालचा पाया आहे.

जपानच्या दक्षिणेला मियाको नावाचे छोटे बेट आहे. तिथे कॉमन मॉरमॉन होते, पण कॉमन रोझ नव्हते. त्यामुळे रोझची नक्कल करणाऱ्या माद्या तिथे अगदी विरळ होत्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॉमन रोझ त्या बेटावर येऊन स्थिरावले. पुढच्या काही दशकांत नक्कल करणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढत गेले, आणि जपानी अभ्यासकांनी ते मोजून नोंदवले. उत्क्रांती माणसाच्या हयातीत घडताना दिसली. दिसली, कारण रोझ येण्याआधी त्या बेटावर काय होते, हे कोणीतरी लिहून ठेवले होते. आधीची नोंद नसती तर बदल झाला हेच कोणाला कळले नसते.

आता मी शहाद्याकडे येते.

१८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज सरकारचा स्कॉटिश अधिकारी होता. पश्चिम खानदेशच्या जंगलात त्याने रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. हे लहानसे घुबड ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये शास्त्राला सांगितले होते. पुढे डेव्हिडसन कारवारकडे बदलून गेला. तिथे बेल आणि एटकेन या मित्रांबरोबर त्याने फुलपाखरांच्या अळ्या हाताने वाढवल्या. कोणती अळी कोणत्या झाडावर, याची उत्तर कॅनरा जिल्ह्यातली नोंद तिघांनी १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भारतातल्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींच्या अभ्यासाला ती नोंद आजही आधार देते. खानदेशचा रानपिंगळा आणि कारवारची फुलपाखरे टिपणारा माणूस एकच होता, आणि त्याची शिस्तही एकच होती. जीव जिथे मिळाला, ती जागा तो लिहून ठेवत असे.

१८८४ नंतर रानपिंगळ्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. मधल्या काळात कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने, १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला आपण हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. तो मोठा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ होता, त्यामुळे अनेक दशके त्याचा दावा खरा मानला गेला. त्याच्या पत्त्यावर शोधही घेतला गेला आणि हाती काही लागले नाही. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने पेंढा भरलेला, आणि अंगावर खोट्या गावाची चिठ्ठी बांधलेला. रासमुसेन यांनी तो खोटा पत्ता बाजूला ठेवला आणि जुन्या, खऱ्या पत्त्यांच्या मागावर त्या निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला.

या घटनेतून मी घेतलेला धडा असा. खोट्या चिठ्ठीने शोध भलत्याच वाटेला लावला, आणि खऱ्या चिठ्ठीने नामशेष म्हणवला गेलेला पक्षी परत दिला. नमुन्याच्या पायाला बांधलेल्या कागदाच्या कपट्यावर एका प्रजातीचे भवितव्य अवलंबून होते.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुडा, दक्षिणेला तापीचे सुपीक खोरे, आणि नवापूरकडे सह्याद्रीचे उत्तर टोक. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडले होते की पूर्व हिमालयातले जीव सातपुड्याच्या रांगेवरून सह्याद्रीत आले. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण सातपुडा ही जीवसृष्टीची वाट आहे, हा विचार त्याने रुजवला. आज त्या वाटेचे तुकडे होत आहेत. तोरणमाळच्या पठाराभोवती, अक्राणीच्या डोंगरात उरलेले रान हे शेतीच्या सपाटीतले बेट झाले आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावे आली आणि नर्मदाकाठच्या काही टेकड्यांना तर चहूबाजूंनी पाणीच लागले. माणसांनी त्यात काय सोसले, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. बेट झाले की जिवांची ये-जा थांबते, आणि तिथल्या रूपाचे भवितव्य तिथल्याच झाडांवर आणि माणसांवर येऊन पडते.

म्हणून चार गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट वनस्पतींची. रोझच्या अळ्या ईश्वरी-किडामारीच्या कुळाशिवाय जगत नाहीत. किडामारी काळ्या जमिनीत, बांधावर, पडीक तुकड्यावर उगवते आणि तणनाशकाच्या एका फवाऱ्यात जळून जाते. ती गेली की रोझ जाईल, आणि रोझ गेले की मॉरमॉन मादीचे अभयही जाईल. क्रिमसन रोझला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वर्षानुवर्षे वरचे संरक्षण दिले होते. पण बांधावरची वेल कायदा राखत नाही, शेतकरी राखतो. प्रत्येक शिवारात बांधाचा थोडा तरी भाग न फवारता सोडावा.

दुसरी गोष्ट इथल्या वाणाची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये दक्षिण अमेरिकेतली एक शोभेची वेल बागांमध्ये लावली गेली. ती याच कुळातली. रिचमंड बर्डविंग नावाचे तिथले भव्य फुलपाखरू आपली वेल समजून तिच्यावर अंडी घालते, आणि पाने खाऊन अळ्या मरतात. फुलपाखरू-उद्यान करायचे असेल तर रोपे इथल्या रानातल्या बियांची असावीत. समारंभात सोडण्यासाठी दुसऱ्या प्रांतातून कोष किंवा फुलपाखरे आणू नयेत. माणसाच्या हाताने फुलपाखरे कुठल्या कुठे पोचतात, हे लिंबाच्या फुलपाखराने दाखवले आहे. २००४ मध्ये ते थेट कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडले आणि तिथल्या लिंबूवर्गीय रोपांना त्रासाचे झाले. जनुकांच्या तपासणीतून त्याचे मूळ घर आग्नेय आशिया असल्याचे कळले. मूळ गावच्या नोंदी होत्या, म्हणून हा माग लागला.

तिसरी गोष्ट नोंदीची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. ही नोंदवही बाहेरच्या संस्थेकडून एकगठ्ठा लिहून घेण्याची वस्तू नाही. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी माणसांना कोणती अळी कोणत्या पानावर बसते हे पिढ्यांपिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या बोलीतली झाडांची आणि पाखरांची नावे आधी लिहावीत, शास्त्रीय नावे नंतर जोडावीत. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात. काय दिसले, कुठल्या पाड्यावर, कुठल्या झाडावर, कुठल्या तारखेला. रानपिंगळ्याच्या घरट्यासारखी नाजूक जागा मात्र जगजाहीर करू नये, ती गावाने आपल्यापाशी राखावी.

चौथी गोष्ट शाळांसाठी. मॉरमॉनच्या तीन प्रकारच्या माद्या मोजायला दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. लाल धडाचे रोझ किती, काळ्या धडाच्या माद्या किती, त्यांतल्या नरासारख्या किती आणि सोंग घेतलेल्या किती, हे सातवीतली मुलगी मोजू शकते. जिल्ह्यातल्या शाळांनी दर पावसाळ्यात हे मोजले, तर अक्राणी आणि शहादा, डोंगर आणि खोरे यांच्यातला फरक काही वर्षांत वहीवर उतरेल. मियाको बेटावर जे दिसले, ते पाहण्याची पात्रता आपल्या जिल्ह्याला येईल. वातावरण बदलते आहे, पिके बदलत आहेत, रान आकसते आहे. उद्या बदल मोजायचा असेल तर आजची मोजणी हवी.

मित्रहो, जगाच्या याद्यांत कॉमन मॉरमॉनला धोका नाही. ते अर्ध्या आशियात उडते. एवढ्यावर निश्चिंत राहणे मला चुकीचे वाटते. प्रजाती जगाच्या नकाशावर सुरक्षित असते आणि एकेका ठिकाणाहून नाहीशी होत जाते. अंदमानचे मॉरमॉन गेले तर नंदुरबारचे त्याची जागा घेऊ शकत नाही. सातपुड्यातले गेले तर लंकेतले इथे येऊन आपल्या रोझची, आपल्या पक्ष्यांची, आपल्या पावसाची ओळख लगेच करून घेणार नाही. हजारो पिढ्यांनी इथल्या मातीशी जमवलेला तो मेळ असतो, आणि तो इथेच राखावा लागतो. दूरच्या संग्रहालयांत जुने नमुने आहेत, चिठ्ठ्याही आहेत. पण आजची चिठ्ठी लिहिण्याचे काम इथल्या माणसांशिवाय कोणालाही जमणार नाही. येत्या पावसाळ्यात सहाही तालुक्यांतल्या किमान एकेका शाळेने हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. शिकवायला मी येईन.